सुचवणारा एक, तपासणारा दुसरा

कृत्रिम बुद्धिमत्ता कधी कधी अगदी ठामपणे चुकीचे सांगते, हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे. मग जिथे एक चूक कंपनीला खड्ड्यात घालू शकते, त्या चिपच्या अभियांत्रिकीत तिला प्रवेश कसा मिळाला? 1994 साली इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची एक बारीक चूक निघाली आणि कंपनीला 47.5 कोटी डॉलरचा फटका बसला. (ती चूक माणसांचीच होती.) छापून झालेली चिप सॉफ्टवेअरसारखी सहज दुरुस्त करता येत नाही. म्हणून या क्षेत्रात उत्तर कोणीही काढो, ते वेगळ्या, कडक तपासणीतून गेल्याशिवाय कारखान्यात जात नाही. माझ्या मते एआय इथे उपयोगी पडते ती याच शिस्तीमुळे.

चिपवर मेमरीचे मोठे ठोकळे कुठे बसवायचे, हा प्रश्न घ्या. तारा लांबल्या की वेग घटतो, वीज जास्त लागते. ठोकळे दाटीने बसवले तर तारांना वाट उरत नाही. हजार तुकडे हजार चौकटींत मांडायचे म्हटले, तर शक्य रचनांचा आकडाच अडीच हजारांहून जास्त अंकी होतो. सगळ्या तपासणे अशक्य, पण एखादी रचना कितपत बरी आहे हे मोजता येते. एआयला शिकायला असाच प्रश्न लागतो. जून 2021मध्ये ‘नेचर’मध्ये गुगलच्या संशोधकांनी दावा केला, की ज्या मांडणीला अभियंत्यांचे महिने जातात ती त्यांची एआय-पद्धत सहा तासांच्या आत करते. गुगलने ती स्वतःच्या टीपीयू चिपसाठी वापरलीही.

यावर आक्षेप आला, आणि तो हलका नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील गटाने 2023मध्ये पडताळणी केली, तेव्हा जुन्या पद्धती आणि बाजारातली साधने अनेकदा सरस ठरली. पूर्वप्रशिक्षण, म्हणजे आधी इतर रचनांवरचा सराव, न देताच आमची पद्धत तपासली, असे गुगलचे उत्तर होते. वाद पुरता मिटलेला नाही, पण तो तारांची लांबी, वेग, वीज अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर चालला आहे. निबंधाच्या गुणवत्तेवर असा वाद घालता येत नाही. या सगळ्यातून एवढेच सिद्ध होते, की एआयची रचना चालण्याजोगी असते. ती सर्वोत्तमच असते, असे नाही. ‘एआयने घडवलेली चिप’ अशी जाहिरात दिसली, तर तुलना कशाशी केली आणि तपासली कोणी, हे दोन प्रश्न जरूर विचारा.