आईची फाईल जपून ठेवा

पितृपंधरवड्यातली नवमी आपल्याकडे अविधवा नवमी म्हणून पाळली जाते. पतीच्या आधी गेलेल्या स्त्रीचं श्राद्ध त्या दिवशी करतात. एखाद्या सवाष्णीला जेवायला बोलावतात, तिची ओटी भरतात, गेलेल्या बाईच्या आवडीचा एखादा पदार्थ पानात वाढतात. ज्यांच्या घरी श्राद्धपक्ष होत नाही, तेही आपापल्या परीनं आठवण ठेवतात. कोणी तिच्या नावानं शाळेत वह्या वाटतं, कोणी तिच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवून घेतं. तिचा चष्मा, तिच्या अक्षरातली मसाल्याच्या प्रमाणाची चिठ्ठी, अशा वस्तू वर्षानुवर्षं कपाटात राहतात. कर्करोगानं गेलेल्या आईची एक गोष्ट मात्र सहसा कोणी ठेवत नाही. ती म्हणजे तिच्या आजारपणाची फाईल.

ही फाईल म्हणजे बहुतेक वेळा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. त्यात केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनच्या फिल्म, केमोथेरपीच्या तारखा, रक्ताचे रिपोर्ट. त्या पिशवीकडे पाहिलं की रुग्णालयाचे जिने, रांगा आणि शेवटचे दिवस आठवतात. म्हणून तेराव्यानंतर ती रद्दीत जाते किंवा माळ्यावर, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत तिथूनही जाते. असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण ती पिशवी टाकू नका, एवढीच विनंती करण्यासाठी हा लेख आहे.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आमचा एक नेहमीचा प्रश्न असतो, ‘घरात कोणाला कॅन्सर होता का?’ उत्तर येतं, ‘आई त्यानंच गेली.’ कुठला, असं विचारलं की ‘पोटाचा म्हणत होते’ किंवा ‘पिशवीचा’. कितव्या वर्षी? ‘आम्ही लहान होतो, बाबांनी कधी सांगितलं नाही.’ इथे आमचं बोलणं थांबतं. खरं तर समोर बसलेल्या मुलीसाठी सगळ्यांत महत्त्वाची माहिती इथूनच सुरू व्हायला हवी.

‘पोटाचा’ म्हणजे जठराचा असू शकतो, मोठ्या आतड्याचा, यकृताचा, स्वादुपिंडाचा किंवा बीजकोशाचा. ‘पिशवीचा’ या शब्दात तर दोन अगदी वेगळे आजार लपलेले असतात. एक गर्भपिशवीचा आणि दुसरा पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा. मुलांच्या दृष्टीनं या प्रत्येकाचा अर्थ निराळा होतो.

आधी स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाविषयी. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकानं १८६६मध्ये आपल्या पत्नीच्या माहेरच्या चार पिढ्यांतल्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली होती. कोणती स्त्री कोणत्या आजारानं गेली, हे त्यानं लिहून ठेवलं. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता. ज्या जनुकांतल्या दोषामुळे असं घडतं, त्यांतली दोन महत्त्वाची जनुकं, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२, अनुक्रमे १९९४ आणि १९९५मध्ये सापडली. म्हणजे कारण कळायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली, पण आजार घराण्यात चालत आलेला आहे हे कुटुंबाच्या नोंदीवरूनच दिसलं होतं.

इथे घाबरून जाऊ नये. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच अनुवंशिक असतात. आईला झाला म्हणजे मुलीला होणारच, असं मुळीच नाही. पण काही खुणा असतील तर विचार करावा लागतो. आईला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, कोणत्याही वयात बीजकोशाचा झाला असेल, किंवा एकाच बाजूच्या नात्यांत दोन-तीन जणींना झाला असेल, तर जनुकीय समुपदेशन घेणं योग्य. दोष असलेलं जनुक प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते, मग ती मुलगी असो वा मुलगा. मुलाला स्वतःला काही झालं नाही तरी त्याच्याकडून ते नातीकडे जाऊ शकतं. म्हणून आत्या आणि वडिलांची आई यांचे आजारही तितकेच महत्त्वाचे.

आणि कळल्यावर करता येण्यासारखं बरंच आहे. स्तनांची एमआरआय आणि मॅमोग्राफी लवकर आणि नियमित सुरू करता येते. मुलं झाल्यानंतर, योग्य वयात बीजकोश आणि बीजनलिका काढून टाकण्याचा पर्यायही काही जणींना सुचवला जातो. गर्भपिशवीच्या कर्करोगाच्या काही घराण्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोगही आढळतो. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा कुटुंबातल्या मुलामुलींची ठरावीक काळानं दुर्बिणीतून आतड्याची तपासणी केली, तर आजार होण्याआधीच्या टप्प्यावरच सापडू शकतो. टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कर्करोग केंद्रांत अशा समुपदेशनाची सोय असते. तिथे पहिली मागणी होते ती आईच्या रिपोर्टची.

पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी. तो सहसा घराण्यातून येत नाही. तो एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे होतो. त्यामुळे आई त्यानं गेली असेल तर मुलीनं जनुकांची नव्हे, तपासणीची आणि लशीची चौकशी करायची.

याबाबत आपल्या महाराष्ट्रानं जगाला मोठा धडा दिला आहे. नर्गिस दत्त ३ मे १९८१ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेल्या. मुलाचा पहिला चित्रपट काही दिवसांवर आला होता. त्यांच्यामागे सुनील दत्त यांनी तिच्या नावानं कर्करुग्णांसाठी काम उभं केलं. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. त्या रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या सहभागानं, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९पासून एक अभ्यास झाला. गावोगावच्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी दिलेल्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या आरोग्यसेवेवर राहिलेल्या गटात ६४. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच आकाराचे होते. दुसऱ्या गटाला तपासणी दिली नाही, यावरून पुढे वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण एका चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला इथल्या बायांमुळे कळलं. एका आईच्या नावानं चालणाऱ्या रुग्णालयातून इतर आया वाचवण्याचा रस्ता सापडला, यापेक्षा मोठं स्मारक कोणतं?

आपल्या घरात रुग्णालय बांधण्याची ऐपत नसते. पण एक फाईल ठेवता येते आणि मुलांशी एकदा बोलता येतं.

फाईलमध्ये काय ठेवायचं? सगळ्यांत आधी बायोप्सीचा किंवा शस्त्रक्रियेनंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. स्तनाचा कर्करोग असेल तर ईआर, पीआर आणि हर-२ या तपासण्यांचा कागद. डिस्चार्ज कार्ड. जनुकीय तपासणी झाली असेल तर तिचा निकाल. मोठ्या फिल्म नसल्या तरी चालतील, त्यांचे लेखी रिपोर्ट पुरे. मोबाइलवर फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा. कागद हरवले असतील तर रुग्णालयाच्या अभिलेख विभागात नोंदणी क्रमांक सांगून चौकशी करा. जुने कागद रुग्णालयं कायम ठेवत नाहीत, म्हणून उशीर नको. पॅथॉलॉजी विभागात तिच्या गाठीचा नमुना मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला असू शकतो. त्याचा क्रमांक रिपोर्टवरच असतो, आणि काही वेळा पुढच्या तपासणीसाठी तो उपयोगी पडतो.

सोबत एका वहीच्या पानावर तीन गोष्टी लिहा. आजार कोणत्या अवयवातून सुरू झाला, तेव्हा तिचं वय किती होतं आणि दोन्हीकडच्या नात्यात आणखी कोणाला, कुठला कर्करोग झाला.

हे बोलायचं कोणी? बहुतेक घरांत वडिलांनी. आणि तिथेच खरी अडचण असते. बायको गेलेला पुरुष आपल्याकडे फारसं बोलत नाही. ‘आधीच नेलं असतं तर’ हे वाक्य त्याच्या मनात फिरत राहतं. अनेक कर्करोग उघड लक्षणं दिसेपर्यंत पसरलेले असतात आणि तो डॉक्टर नव्हता, हे त्याला कोणी तरी स्वच्छ शब्दांत सांगायला हवं. शोकाला मुदत नसते. पण सहा महिने उलटूनही रोजचं जगणं ठप्पच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात अशा लांबलेल्या शोकाची आता स्वतंत्र नोंद आहे. तो मनाचा कमकुवतपणा नव्हे.

लहान मुलांशीही खोटं बोलू नये. ‘आई गावाला गेली’ म्हटलं तर ती वाट पाहत राहतात. आपण त्रास दिला म्हणून आई आजारी पडली, असंही अनेक मुलांना वाटत असतं. तो कर्करोग होता, शिवल्यानं होत नाही, कोणाच्या वागण्यानंही होत नाही, इतकं साधं सांगावं. मुलं वयात आली की बाकीचं सांगावं.

काही बाया जाण्याआधी मुलीला बांगड्या देऊन जातात. ज्या आईला तेवढा वेळ मिळाला नाही, तिनंही मुलीसाठी काही ठेवलेलं असतं. तिच्या रिपोर्टवरची ती दोन ओळींची निदानाची नोंद. मुलगी तीस वर्षांची झाली की तिच्या हातात द्या, आणि आजारी नसतानाच तिला एकदा डॉक्टरकडे घेऊन जा.