बघीरा : वनस्पत्याहाराकडे वळलेला कोळी

'कोळी हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे', हे विधान प्राणिशास्त्राच्या अध्यापनात दीर्घकाळ निरपवाद मानले गेले. ज्ञात असलेल्या ५०,००० हून अधिक जातींबाबत ते आजही बहुतांशी खरेच आहे. मात्र 'निरपवाद' हा शब्द आता वगळावा लागेल. त्याचे कारण म्हणजे उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या साल्टिसिडी कुलातील 'बघीरा' ही अल्पपरिचित प्रजाती होय.

मेक्सिको व मध्य अमेरिकेत आढळणारी ही प्रजाती जॉर्ज व एलिझाबेथ पेकहॅम या अमेरिकन दांपत्याने १८९६ मध्ये प्रस्थापित केली. 'द जंगल बुक' त्याआधी दोनच वर्षे प्रसिद्ध झाले होते. त्यातील काळ्या बिबट्याचे नाव प्रजातीस मिळाले आणि मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचे नाव 'बघीरा किपलिंगी' या जातीस. (अकेला, मेसुआ व नागैना ही प्रजातिनामेही या दांपत्याचीच.) शिकारी श्वापदाचे हे नाव आपण कोणत्या प्राण्यास देत आहोत, याची कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते.

तेथील काही बाभळींचे स्यूडोमिरमेक्स मुंग्यांशी सहजीवन असते. झाड मुंग्यांना पोकळ काट्यांत निवारा देते, मधुरस देते आणि पर्णिकांच्या टोकांवर 'बेल्ट-पिंड' नावाचे पौष्टिक कण पुरविते. मोबदल्यात मुंग्या पाने खाणाऱ्यांना हुसकावतात. (आपली बाभूळ आता याच व्हॅचेलिया प्रजातीत गणली जाते, पण तिला हे पिंड नसतात.) बघीरा किपलिंगी या व्यवहारात शिरतो तो चोरपावलांनी. मुंग्यांचा वावर कमी असलेल्या जुन्या पानांवर तो घरटे करतो, मुंगी आडवी आल्यास उडी मारून निसटतो किंवा धाग्यावर लोंबकळतो आणि संधी साधून पिंड खुडतो.

केवळ डोळ्यांनी पाहिलेल्या अशा प्रसंगांवरून आहाराचे प्रमाण ठरत नाही. क्रिस्टोफर मीहन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'करंट बायॉलॉजी'त प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचे महत्त्व येथे आहे. अन्नसाखळीत प्रत्येक पायरीगणिक शरीरातील नायट्रोजन-१५ या समस्थानिकाचे प्रमाण वाढते. या कोळ्याच्या शरीरात ते अन्य कोळ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. म्हणजेच पिंड खाल्ले जातात, इतकेच नव्हे तर त्यांतूनच शरीर घडते. निरीक्षणांनुसार मेक्सिकोत आहाराचा ९० टक्क्यांहून अधिक भाग या पिंडांचा होता; कोस्टा रिकात मात्र सुमारे ६० टक्के.

उरलेल्या भागात मधुरस येतो, तशाच मुंग्यांच्या अळ्याही येतात. प्रसंगी स्वजातीयही सुटत नाहीत. तेव्हा 'शाकाहारी कोळी' हे लोकप्रिय बिरुद वर्गात जपूनच वापरावे. 'प्रामुख्याने वनस्पत्याहारी' हा शब्दप्रयोग अधिक काटेकोर ठरेल.