तेजसचे दोन उशीर

17 ऑक्टोबर 2025 ला नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवरून तिथेच जुळलेलं पहिलं तेजस मार्क-1ए, म्हणजे या देशी लढाऊ विमानाची सुधारित आवृत्ती, उडालं. ओझरला लढाऊ विमानांचं अप्रूप नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथे 1964 साली मिग-21साठीच उभा राहिला. पुढे मिग-27 आलं, मग दोनशेच्या वर सुखोई-30 तिथूनच हवाई दलाकडे गेली. द्राक्षबागांवरून जाणाऱ्या जेटच्या आवाजाला निफाड तालुक्यात आता कुणी मान वर करून बघत नाही. फरक इतकाच, की त्या सगळ्या विमानांची ड्रॉइंग्ज रशियातून आली होती. या विमानाची बंगळुरूहून आली.

विमानवेड्यांची एक जमात असते. शेपटीवरचा नंबर सांगा, ते जन्मकुंडली मांडतात. केएच-2001 म्हणजे 2001 साली उडालेला पहिला नमुना, एलए-5001 म्हणजे उत्पादनातलं पहिलं विमान आणि एलए-5033 म्हणजे पहिलं मार्क-1ए. या मंडळींत तेजसचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकाचं पालुपद ठरलेलं: 1983 ला मंजुरी आणि 2016 ला पहिली स्क्वाड्रन, म्हणजे तेहतीस वर्षं, एवढ्यात जगाने दोन पिढ्यांची विमानं बनवली. दुसऱ्याला तेजसची कुठलीही उणीव काढली की देशाची उणीव काढल्यासारखं वाटतं. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघंही सगळा उशीर एकाच खात्यावर टाकतात. प्रत्यक्षात उशीर दोन आहेत आणि त्यांची जात वेगळी आहे.

पहिला उशीर शिकण्याचा. याआधी आपण एकच लढाऊ जेट स्वतः घडवलं होतं, एचएफ-24 मरुत. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या हाताखाली बनलेलं ते विमान 1961 साली उडालं. सांगाडा देखणा होता, पण त्याला शोभेल असं इंजिन अखेरपर्यंत मिळालं नाही. त्यानंतर नवं काही हाती न घेतल्यामुळे मरुत बनवणारे हात निवृत्त होत गेले. 1984 साली एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी स्थापन झाली आणि कोटा हरिनारायण यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं, तेव्हा पाटी बरीचशी कोरी होती.

त्या कोऱ्या पाटीवर या लोकांनी सर्वांत अवघड गणित आधी लिहिलं. तेजसला मागे आडवी शेपटी नाही, नुसता त्रिकोणी पंख. शिवाय त्याचा तोल मुद्दाम अस्थिर ठेवलेला. साध्या विमानाचं नाक वाऱ्याने उचललं तर ते आपोआप खाली येतं. तेजसचं उचललं तर ते आणखी उचलू पाहतं. तळहातावर काठी उभी तोलावी तसा हा प्रकार. हात क्षणभर थांबला की काठी गेली. मोबदल्यात विमान झटकन वळतं आणि आकारानेही लहान राहतं. पण हा हात माणसाचा असून चालत नाही, कारण माणूस तेवढा चपळ नाही. वैमानिक दांडी ओढतो ती फक्त इच्छा सांगायला. पंखाच्या मागच्या पट्ट्या किती हलवायच्या हे संगणक ठरवतो आणि तो निर्णय सेकंदाला कितीतरी वेळा बदलतो. त्यासाठी चार वाहिन्या समांतर चालतात. एकीचं उत्तर वेगळं आलं तर उरलेल्या तिघी तिला बहुमताने बाद करतात.

या वाहिन्यांत जे गणित बसवायचं त्याला कंट्रोल लॉ म्हणतात. ते बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये जमलेल्या चमूने लिहिलं. 1996 साली अमेरिकेत एका खास एफ-16 विमानात हे गणित भरून उड्डाणं झाली. म्हणजे विमान अमेरिकेचं आणि वागणूक तेजसची. नमुना 1995 मध्येच कारखान्याबाहेर येऊन उभा होता. तेवढ्यात मे 1998 ला पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेचे निर्बंध आले. तिथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवलं गेलं, सामान तिकडेच अडकलं. उरलेलं काम बंगळुरूत पुरं झालं. तिथे ‘आयर्न बर्ड’ नावाचा लोखंडी सांगाडा उभारलेला आहे. त्यात विमानातलेच हायड्रॉलिक पंप आणि तसेच संगणक जोडून, जमिनीवरच खोटी उड्डाणं करत राहायचं. 4 जानेवारी 2001 ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी विमान पहिल्यांदा उडवलं, ते अठरा मिनिटं हवेत होतं.

हा उशीर वसूल झाला असं मी म्हणतो, कारण त्यानंतर तेवीस वर्षं एकही तेजस पडलं नाही. इतक्या अस्थिर विमानाच्या चाचण्यांत ही गोष्ट सोपी नव्हे. 2020 च्या जानेवारीत कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेजसची नौदल आवृत्ती विक्रमादित्य या विमानवाहू नौकेच्या डेकवर तारेला हूक अडकवून उतरवली. ते गणितही घरचंच. 12 मार्च 2024 ला जैसलमेरजवळ पहिला अपघात झाला, वैमानिक सुखरूप बाहेर पडला. 21 नोव्हेंबर 2025 ला दुबईच्या प्रदर्शनात तसं झालं नाही. विंग कमांडर नमांश स्याल गेले. तेव्हा दोन्ही तटांनी ताबडतोब निकाल देऊन टाकले. ते न ऐकलेले बरे.

दुसरा उशीर इंजिनाचा, आणि त्याहून जास्त ऑर्डरचा. कावेरी हे देशी इंजिन तेजससाठीच योजलं होतं. ते वजनाला भारी आणि जोराला कमी निघालं, तेव्हा 2008 मध्ये त्याला तेजसपासून वेगळं केलं. हा भागही शिकण्यातच मोडतो. जेट इंजिनातल्या तापलेल्या पात्यांची धातुविद्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या देशांनाच साधली आहे. म्हणून अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं एफ-404 घेतलं. 2016 पर्यंत अशी 65 इंजिनं आली. पुढची ऑर्डरच गेली नाही, तेव्हा कंपनीने ती लाइन बंद केली. 2021 च्या फेब्रुवारीत 83 मार्क-1ए विमानांचा करार झाला आणि 99 इंजिनांची मागणी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोंदली गेली. पाच वर्षं थंडावलेली लाइन आणि तिचे पुरवठादार पुन्हा उभे करता करता पहिलं इंजिन निघायला मार्च 2025 उजाडला. विमानं 2024 पासून मिळायला हवी होती. उशिराचं खापर कंपनीवर फोडणं सोयीचं आहे, पण मधली पाच वर्षं फाइल आपल्याच टेबलांवर फिरत होती. नवं रडार आणि शस्त्रं एकमेकांशी जुळवण्याचं कामही रेंगाळलं. तोवर 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं आणि हवाई दलातल्या रिकाम्या जागा वाढल्या.

ओझरची लाइन म्हणूनच हवी होती. बंगळुरूच्या दोन लाइन्सना ही तिसरी जोड, सुरुवातीला वर्षाला आठ विमानांची. पंख कोइमतूरहून, धडाचा मधला भाग हैदराबादहून, असे तुकडे खासगी कारखान्यांतून येतात आणि इथे जुळतात. सुखोईवर हात बसलेल्या कामगारांना जोडणी शिकवावी लागत नाही. पण कार्बन कंपोझिटच्या सालीला भोक पाडणं हे ॲल्युमिनियमला भोक पाडण्यासारखं नसतं. ड्रिलचा वेग किंवा दाब चुकला की आतले थर सुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. तेजसच्या सांगाड्यात वजनाने निम्म्याच्या आसपास हेच साहित्य आहे.

विमानवेड्यांचा अड्डा आता ॲम्का या पाचव्या पिढीच्या नियोजित विमानाकडे सरकलाय. फेब्रुवारी 2025 मध्ये येलहंक्याच्या एरो इंडिया प्रदर्शनात त्याचा पूर्णाकृती सांगाडा ठेवला होता. त्याच्यासमोर स्टेल्थ, रडार, शस्त्रकोठडी यांवर तावातावाने वाद घालणारे पुष्कळ होते. इंजिन कोण देणार आणि ऑर्डर कधी जाणार, हा प्रश्न विचारणारा क्वचित. माझं लक्ष मात्र 2025 च्या दोन तारखांवर आहे. 25 सप्टेंबरला आणखी 97 मार्क-1ए विमानांचा 62,370 कोटींचा करार झाला आणि 7 नोव्हेंबरला त्यांच्यासाठी 113 इंजिनांचा. मागच्या खेपेला या दोन सह्यांमध्ये सहा महिन्यांहून जास्त काळ गेला होता. या खेपेला सहा आठवडे लागले. ही इंजिनं 2027 ते 2032 दरम्यान यायची आहेत.