प्रचारकांची कवायत

"टाचा जमिनीवर, गुडघे सरळ, आता कमरेतून खाली!" शिट्टी वाजते आणि दोन रांगांतले तीसेक प्रचारक एकदम वाकतात. कुणाची बोटं पायाच्या अंगठ्याला लागतात, कुणाची गुडघ्यापाशीच अडकतात. "काहून थांबले जी? वाका अजून," सर म्हणतात. मागच्या रांगेतून उत्तर येतं, "पोट आडवं येऊन राह्यलं ना सर!" हशा पिकतो. हसण्याच्या नादात ज्यांची बोटं अंगठ्याला लागली होती, त्यांचीही सुटतात.

गोंदियात रेल्वे लाइनीपासून जवळच एका जुन्या चर्चचं हे आवार आहे. जानेवारीतली सकाळ, साडेसहा वाजलेत. धुक्यात गाडी दिसत नाही, नुसता भोंगा ऐकू येतो. कुठल्याशा राइस मिलमधून उसन्या तांदळाचा ओला वास येतोय. नाताळची धावपळ संपली, की आसपासचे प्रचारक असे दोन दिवस एकत्र जमतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडचे बरेच आहेत. काही लांजीचे, म्हणजे मध्य प्रदेशातले, तर दोघं डोंगरगडचे, म्हणजे छत्तीसगडातले. त्यामुळे एकीकडून "सलाम" येतो आणि दुसरीकडून "जय मसीह की". अंगात स्वेटर, डोक्यावर माकडटोप्या. पायांत मात्र स्लीपरपासून कॅनव्हासच्या बुटांपर्यंत काय वाट्टेल ते. एकजण चक्क काळ्या चामडी बुटांत उभा आहे. रविवारच्या उपासनेला घालायचा तेवढाच जोड त्याच्याकडे आहे.

एरवी या जमण्यात सकाळी प्रार्थना, मग वचन, मग चहा-पोहे असा क्रम असतो. यंदा प्रार्थनेनंतर कवायत आणि तपासणी घातली आहे. गेल्या पावसाळ्यात यांच्यातल्याच एकाला सभेत बोलता बोलता अर्धांगाचा झटका आला. वय बेचाळीस. बीपी आहे, हे त्याला माहीत होतं आणि बाकी कुणालाच माहीत नव्हतं. आता तो पहिल्या बाकावर शाल पांघरून बसलाय आणि सर सांगतील तसा डाव्या हाताने रबरी चेंडू दाबतोय.

सर ख्रिस्ती नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेले, १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या त्या आखाड्याचे. काल संध्याकाळी त्यांनी सहज विचारलं, "सूर्यनमस्कार घेऊ का?" तेव्हा सभा गप्प झाली. दोघा-तिघांनी खाली पाहिलं. सरांनी ओळखलं. "बरं, नाव तुम्ही ठेवा. दहा वेळा मात्र करा," म्हणाले. आज वाकणं, पाय मागे टाकणं, जोर काढणं हे सगळं 'स्ट्रेचिंग' या नावाखाली बिनबोभाट चाललंय. कोपरात वाकायला लागलं की सगळ्यांचे दंड सारखेच थरथरतात, ते मी इथून बघतोय.

सगळेच रांगेत नाहीत. विशीतला एक पोरगा पायरीवर पाण्याची बाटली घेऊन बसलाय. त्याला सिकलसेल आहे, वाहक नव्हे, पुरता आजार. विदर्भाच्या या पट्ट्यात तो घरोघरी माहीत असलेला आजार आहे. थंडी, दमणूक, अंगातलं पाणी कमी होणं, यातलं काहीही त्याला असह्य दुखण्यात ढकलू शकतं. सरांनी शिट्टी वाजवायच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारला होता, "सिकलवाले कोण?" पोराला रांगेबाहेर काढलं, ऊन आलं की आवारातच हळूहळू चालायचं, दर फेरीला पाणी प्यायचं, एवढंच सांगितलं. लाजतोय तो. पण बाटली संपत आलीय.

खरी गर्दी पिंपळाखालच्या टेबलापाशी आहे. तिथे सिस्टर बसल्यात. बीपीचं यंत्र, साखर मोजायचं यंत्र, पट्ट्यांची डबी आणि एक फुलस्केप वही. पन्नाशीचा एक उंच प्रचारक हात पुढे करतो. पट्टा फुगतो, उतरतो. १६८ आणि १०४.

"गोळी?"

"बंद केली जी. बरं वाटून राह्यलं होतं."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी. मग मंडळीत साक्ष बी दिली."

"काय साक्ष?"

"देवानं बरं केलं म्हणून."

सिस्टर वहीत आकडा लिहितात. मान वर न करता विचारतात, "देवानं गोळीच्या हातून बरं केलं, असं साक्षीत घातलं असतं तर काय बिघडलं असतं?" माणूस गप्प. मागचे दोघं हसू दाबतात, पण त्यांच्याही खिशात काय आहे आणि काय नाही, हे त्यांचं त्यांनाच माहीत. सिस्टर चिठ्ठी लिहून देतात: आजच मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दाखवायचं, डॉक्टर देतील ती गोळी सोडायची नाही. "आणि येत्या रविवारी सांगा मंडळीला, मी गोळी घेतो म्हणून." हा शेवटचा औषधोपचार त्याला गोळीपेक्षा कडू लागलेला दिसतोय.

दुखणं तिथेच आहे. जो माणूस गावभर आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, त्याने स्वतः आजारी पडायचं कसं? लोक म्हणतील, याचाच विश्वास कमी. म्हणून साखरेच्या गोळ्या बायबलच्या पिशवीत खाली, अगदी तळाशी. त्यात शुक्रवारचा उपास. पुढचा माणूस सांगतो की काल दुपारपासून पोटात काही नाही, गोळी मात्र न चुकता घेतली. सिस्टर ताडकन उठतात, बोटाला सुई टोचतात, आकडा येतो ६१. पेलाभर साखरपाणी त्याला समोर बसवून पाजतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपास केला तर साखर धोक्याइतकी खाली उतरते, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलंच नाही. आणि विचारायचं कुणाला? डॉक्टरला उपासाबद्दल सांगायला संकोच, पास्टरना गोळीबद्दल सांगायला संकोच.

चहाची गोष्ट त्याहून साधी आहे. देवरीकडचा एकजण आपला दिवस सांगतो. सकाळी मोटरसायकल काढायची, जंगलातल्या रस्त्याने पहिलं गाव, मग दुसरं. जाईल त्या घरी चहा. नाही म्हटलं तर घरधनी दुखावतो, त्यातून गरीब घर असलं तर जास्तच. आठ घरं धरली आणि कपाला दोन चमचे, तर सोळा चमचे साखर, साठ-सत्तर ग्रॅम. दिवसभरात अशी वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत असावी आणि पंचवीसच्या आत असेल तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन्ही वेळचा भाताचा डोंगर वेगळाच. रात्री नऊला घरसभा, साडेअकराला जेवण, पुन्हा मोटरसायकल. कंबर गेलेली, मान गेलेली. चालणं? "आधीचे चालत होते जी. आमाले गाडी भेटली," तो म्हणतो आणि स्वतःच्या पोटाकडे बघतो.

आधीचे चालत होते हे खरंच, पण ते जगत फार नव्हते. मुंबईत १८१३ साली सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी सॅम्युएल न्यूवेल १८२१ मध्ये पटकीने गेले आणि गॉर्डन हॉल १८२६ मध्ये, नाशिककडच्या फेरीवर असताना, पटकीनेच. हॉल तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. आमच्या बाजूचे स्टीफन हिस्लॉप तर दगड-जीवाश्म शोधत, गोंडांच्या चालीरीती टिपत मैलोन्‌मैल हिंडणारे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना रात्री पुराच्या पाण्यात बुडाले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं. तेव्हा मृत्यू पटकीने येई, पुराने येई. आता येतो तो कपबशीतून, आणि येताना वर्तमानपत्रात बातमीही होत नाही.

याच लोहमार्गाने नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात होते तेव्हा डब्यात त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटला, नवा करार हाती आला आणि पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. गोंदिया त्याच वाटेवर. पण टिळकांना स्वतःच्या प्रकृतीची फिकीर कितीशी होती, ते लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला सांगायला नको. १९१९ मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी गेले. तोच नमुना आपल्याकडे पूज्य ठरला. देहाची हेळसांड म्हणजे भक्ती, हा समज काही ख्रिस्ती मंडळींचा एकट्यांचा नाही म्हणा. आपल्या सगळ्याच पंथांनी तो हौसेने पाळलाय.

साडेसात. सर 'आराम'ची शिट्टी देतात. सगळे चटईवर बसतात. एक पांढऱ्या मिशांचे वृद्ध प्रचारक उठून उभे राहतात. त्यांना हे फारसं रुचलेलं नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलंय की शरीराच्या कसरतीचा लाभ थोडा, खरा लाभ भक्तीचा. मग सकाळचा हा सोन्यासारखा तास यात का घालवायचा? प्रश्न सरळ आहे. पास्टर तितक्याच सरळपणे उत्तर देतात. पौल थोडा लाभ म्हणतो, शून्य म्हणत नाही. मग ते एलीयाकडे वळतात. जीव नकोसा होऊन तो रानात झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला का? नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं. काम नंतर सांगितलं. वृद्ध गृहस्थ थोडा वेळ विचार करतात. "झोपू दिलं, हे मात्र खरं आहे," एवढं कबूल करून खाली बसतात. कवायतीबद्दलचं मत त्यांनी बदललेलं नाही.

ऊन चढतं तसं मागच्या मैदानात व्हॉलीबॉलचं जाळं बांधलं जातं. आता कुणाला सांगावं लागत नाही. मघाशी गुडघ्यापर्यंतही न वाकणारे पोट सावरत उड्या मारताहेत. इकडच्या गावागावांत हा खेळ इतका मुरलाय की तो परदेशातून आलाय हे कुणाच्या ध्यानीही नसतं. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होलियोक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गनने तो बांधला, तोही बास्केटबॉल न झेपणाऱ्या मध्यमवयीन माणसांसाठी. म्हणजे नेमका यांच्यासाठीच! बास्केटबॉलसुद्धा चार वर्षं आधी वायएमसीएच्याच शाळेत, धर्मशास्त्र शिकलेल्या जेम्स नायस्मिथच्या डोक्यातून निघालेला. आत्मा, मन आणि शरीर हा त्या संस्थेच्या चिन्हाचा त्रिकोण. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला तिचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आणि पी.टी.च्या शिक्षकांच्या पिढ्या तिथे घडल्या. हे मी सरांना सांगतो. सरांना बक यांचं नाव ठाऊक आहे, अमरावतीत शिकताना ऐकलेलं. चर्चवाल्यांपैकी कुणालाच ठाऊक नाही.

आणि बायका? त्या चुलीपाशी आहेत. प्रचारकांबरोबर आलेल्या त्यांच्या बायका आणि दोन प्रचारिका पहाटे पाचपासून पोहे भिजवताहेत, कांदे चिरताहेत, तर्रीला फोडणी देताहेत. कवायतीला त्यांना कुणी बोलावलं नाही, तपासणीच्या यादीत त्यांची नावं नाहीत. हे सिस्टरच्या लक्षात येतं तेव्हा त्या वही उचलून थेट चुलीकडे जातात आणि कढईवरून एकेकीला उठवतात. खालच्या पापण्या ओढून बघतात. आत गुलाबी दिसायला हवं तिथे पांढुरकं दिसतं. चौघींच्या नावापुढे रक्त तपासायची खूण होते. एक म्हणते, "मले काई नाई झालं सिस्टर, थकवा त सगळ्याईलेच रायते." सिस्टर लिहीत राहतात. दुपारच्या सत्रात बायकांची वेगळी कवायत ठरते. स्वयंपाक मग कोण करणार, यावर पुरुषांच्या बाजूला बराच वेळ शांतता आहे. शेवटी चामडी बुटवाला हात वर करतो.

पोह्यांबरोबर आज चहा बिनसाखरेचा आहे, साखर वेगळ्या वाटीत. बहुतेकांचा हात वाटीकडे जातोच. त्यात मघाशी साक्षीवरून गप्प झालेला उंच गृहस्थ नाही. तो घोट घेतो, तोंड वेडंवाकडं करतो, पुन्हा घोट घेतो.

या सकाळी दोन रांगांत जे चाललंय ते चांगलंच आहे, पण एवढ्याने भागणार नाही. माणसाला आठवड्यात एक दिवस सुटी नसेल, रविवारी दोन उपासना आणि सोमवारी पहाटे पुन्हा कुणाच्या तरी अंत्यविधीचा फोन असेल, तर दहा जोरांनी काय होणार? प्रचारकाचं मानधन तुटपुंजं, विमा बहुतेकांना नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड काढलंय का, असं सिस्टरनी विचारलं तेव्हा हात मोजकेच वर झाले. ती योजना दवाखान्यात भरती झाल्यावरच्या ठराविक उपचारांसाठी. रोजच्या बीपी-साखरेच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, पण तिथे जायला सकाळ मोकळी हवी.

तेव्हा हे वाचणाऱ्यांत कुणी पास्टोरेट कमिटीवर असतील, तर त्यांना विनंती: या वर्षीच्या अंदाजपत्रकात चर्चच्या रंगकामाच्या आधी आपल्या प्रचारकाच्या आणि त्याच्या बायकोच्या वार्षिक तपासणीचे पैसे धरा आणि सोमवार त्याला पूर्ण मोकळा द्या. आणि बाकीच्यांनी, पास्टर दारात आले की चहा टाकण्याआधी विचारावं, साखर घालू की नको.