घरेलू कामगारांची नोंदणी व बेकारी विमा

घरेलू कामगारांची नोंदणी व बेकारी विमा : परक्या घरी वेतन घेऊन धुणीभांडी, केरवारे, स्वयंपाक, मुलांचा वा वृद्धांचा सांभाळ इ. कामे करणाऱ्या व्यक्तीचे नाव शासकीय दप्तरात दाखल होणे आणि काम सुटल्यास तिला काही काळ रोख भत्ता मिळणे, या दोन भिन्न बाबी होत. काही देशांत पहिलीतून दुसरी निष्पन्न होते. महाराष्ट्रात पहिली आहे, दुसरी नाही.

बेकारी विम्याच्या इतिहासात घरकामाची उपेक्षाच दिसते. ब्रिटनमध्ये १९११ मध्ये काही निवडक धंद्यांसाठी सक्तीचा बेकारी विमा सुरू झाला. १९२० मध्ये त्याची व्याप्ती पुष्कळ वाढविण्यात आली. तथापि शेतमजूर व घरनोकर बाहेरच राहिले. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा अधिनियमानेही घरनोकरांना वगळले होते. १९७८ पासून, कोणत्याही तिमाहीत १,००० डॉलर वा अधिक रोख वेतन देणाऱ्या कुटुंबावर बेकारी कराचे दायित्व आले. तेथे मालकच राज्याच्या कार्यालयात आपली नोंद करतो व दिलेले वेतन कळवितो. त्यामुळे नोकरीचा पुरावा मालकाच्याच हातून तयार होतो.

भारतात राज्य विमा योजनेखालील विमाधारक कामगारांना १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेने व १ जुलै २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेने बेकारीभत्ता देऊ केला. ही विमा योजना कारखाने व आस्थापनांसाठी आहे. खाजगी घर हे आस्थापना ठरत नसल्याने घरकामगार तिच्या कक्षेत येत नाही [→ सामाजिक सुरक्षा].

महाराष्ट्रात १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप केला व त्यांची संघटना उभी राहिली. पुढे जवळजवळ तीन दशकांनी महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ संमत झाला. वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या व ६० वर्षे न ओलांडलेल्या कामगारास त्याखाली लाभार्थी म्हणून नाव नोंदविता येते. अपघातप्रसंगी साहाय्य, मुलांचे शिक्षण, औषधोपचार, दोन अपत्यांपर्यंत प्रसूतिलाभ व मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च असे लाभ अधिनियमात नमूद आहेत. काम सुटणे ही आपत्ती मात्र त्यांत नाही. अर्थात नोंदणी निरुपयोगी नव्हे : २०२१ च्या करोना निर्बंधांच्या काळात राज्य शासनाने घरकामगारांसाठी जाहीर केलेले १,५०० रुपयांचे साहाय्य नोंदणीकृतांपुरतेच होते.

नोंदणीत खरी अडचण मालकाच्या प्रमाणपत्राची असते. या अधिनियमाने मालकावर सक्तीची वर्गणी लादलेली नाही. तरीही उद्या वेतनवाढ वा बोनस मागितला जाईल या धास्तीने सही टाळली जाते. पाचोड (ता. पैठण) हे मोसंबीच्या बाजारपेठेचे गाव. अशा गावी हंगामात शेतात व एरवी दोन-तीन घरी राबणाऱ्या बाईने मालक म्हणून कोणाचे नाव द्यावे, हा प्रश्न उरतोच. शिवाय जिल्ह्याचे कामगार कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे खेपेमागे दिवसाची मजुरी बुडणार. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ ने याहून सोपी वाट दाखविली होती : गावी नाव नोंदवून काम मागावे व पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास भत्ता घ्यावा, मालकाच्या दाखल्याची गरज नाही. परंतु ती हमी अंगमेहनतीच्या सार्वजनिक कामाची होती. सुटलेल्या घरकामाची भरपाई तीतही नव्हती.