रोजचे शंभर

भवानी झाल्याशिवाय गल्ल्यातला पैसा बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा पेठेतला अलिखित कायदा. त्यामुळे पिग्मी (रोजची छोटी ठेव) गोळा करणाऱ्या एजंटाचा दिवस अकराच्या पुढेच उजाडतो. कराडच्या एका पतसंस्थेसाठी फिरणारे अण्णा (पेठ त्यांना याच नावाने ओळखते, आपणही तेवढंच ठेवू) साडेअकराच्या सुमारास मंडईच्या तोंडाशी येतात. खांद्यावर आडवी अडकवलेली पिशवी, हातात जाडजूड मोबाइलएवढं यंत्र, शर्टाच्या खिशात रबरबँड लावलेल्या दहा-वीसच्या नोटा. पेठेत सुट्ट्यांची कायम टंचाई, आणि सुटे देणाऱ्या एजंटाला कोणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. माझी नोकरी बँकेत व्याज काढण्यात गेली, पण ते व्याज ज्या पैशावर काढलं जायचं तो पैसा गोळा होताना कधी पाहिला नव्हता. म्हणून त्यांच्या मागे फिरलो.

मेथी-कोथिंबिरीच्या पेंढ्या मांडून बसलेल्या मावशी गोणपाटाची घडी उचलतात आणि पन्नासची नोट पुढे करतात.

"कालचं ऱ्हायलंय मावशी."

"काल पाऊस न्हवता का! उद्या दोन्हीचं घे, आज एवढंच."

खातं क्रमांक अण्णांना तोंडपाठ. तो दाबायचा, रक्कम दाबायची, की यंत्रातून बोटभर चिठ्ठी कुरकुरत बाहेर येते. चिठ्ठीवर आजची रक्कम आणि एकूण शिल्लक. शिल्लक अण्णा मोठ्याने वाचून दाखवतात, मग ती चिठ्ठी कनवटीला जाते. मोबाइलवर मेसेजही येतो, पण तो घरी नातू वाचतो. पूर्वी पिवळं कार्ड असायचं, तारखेच्या चौकटीत एजंटाची सही. कार्डावर सही आणि संस्थेच्या वहीत नोंदच नाही, असे प्रकार गावोगाव झाले, तेव्हा कुठे ही यंत्रं आली.

पिग्मीची ही पद्धत आपल्याकडे आली ती उडुपीहून. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८ मध्ये डॉ. टी. एम. ए. पै यांच्या पुढाकाराने ती सुरू केली. रोज दोन आणे, आणि ते घ्यायला बँकेचा माणूस दारात. २०२० मध्ये ती बँक कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हे नाव आपल्या तालुक्यांच्या गावांत असं रुळलं की ते मराठी नाही हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

मला या फेरीत खरं सापडलं ते एका हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदाराचं वर्ष भरलं होतं, रोजचे शंभर न चुकता दिलेले, आणि व्याज हातात आल्यावर तो अण्णांवर उखडला होता. "छत्तीस हजार पाचशे भरले. तुमचा दर चार टक्के. चौदाशे साठ यायला पाहिजेत. दिलेत सातशे बत्तीस. निम्मे कोणी खाल्ले?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिळ्यांच्या बिलाचा कागद उलटा करून मांडून दाखवलं. पहिल्या दिवशी दिलेले शंभर रुपये संस्थेकडे ३६५ दिवस राहिले. शेवटच्या दिवशीचे शंभर एकच दिवस. मधले त्या-त्या बेताने. सरासरी काढली तर प्रत्येक शंभराची नोट १८३ दिवस राहिली. ३६,५०० गुणिले १८३, म्हणजे ६६,७९,५००. बँकेत आम्ही या आकड्याला 'प्रॉडक्ट' म्हणायचो: रुपये आणि दिवस यांचा गुणाकार. त्याला ३६५ ने भागलं की येतात १८,३००. म्हणजे हिशेबापुरतं असं समजायचं, की या माणसाने १८,३०० रुपये वर्षभर ठेवले होते. त्याचे चार टक्के ७३२. कोणी काही खाल्लेलं नाही. काही संस्था रोजच्या शिलकेऐवजी महिन्याच्या शिलकेवर व्याज धरतात, तिथे थोडा फरक पडेल, एवढंच.

त्याला ते पटलं, पण आवडलं नाही. व्याजाच्या हिशेबात मी हे नेहमी पाहिलं आहे. माणूस दर ऐकतो आणि रक्कम ऐकतो. ती रक्कम किती दिवस कोणाकडे होती, हे तिसरं कोणी विचारत नाही. आणि सगळं व्याज त्या तिसऱ्यातच असतं.

त्याच कागदावर मी संस्थेची बाजूही मांडून पाहिली, कारण ती मलाच कधी सुचली नव्हती. अण्णांना गोळा केलेल्या रकमेवर शेकडा तीन कमिशन मिळतं. ३६,५०० वर १,०९५ रुपये. ठेवीदाराला ७३२. संस्थेचा खर्च झाला १,८२७, आणि वर्षभर वापरायला मिळाले सरासरी १८,३००. म्हणजे चार टक्क्यांची म्हणून सांगितलेली ही ठेव संस्थेला दहा टक्क्यांना पडते. आता हाच दुकानदार तीन महिन्यांत खातं मोडायला आला असता तर? नव्वद दिवसांत जमा ९,०००, कमिशन गेलं २७०, आणि वर्षाच्या मापाने संस्थेकडे राहिले जेमतेम ११२२ रुपये. एका पैशाचं व्याज न देताही ठेव पडली २४ टक्क्यांना! सहा महिन्यांच्या आत पिग्मी मोडली की पैसे कापून का देतात, याचं उत्तर या बेरजेत आहे. ते कापणं गिऱ्हाइकाला जाचक वाटतं, आणि खातं उघडताना ते कोणी धड सांगत नाही ही तक्रार रास्तच आहे. पण लबाडी म्हणाल, तर ती नव्हे.

दुपारी पेठ सुस्तावते. अण्णा एका टपरीवर चहा घेतात आणि आतापर्यंतच्या नोटा लावतात. हल्ली गल्ल्यात नोटाच नसतात, ही त्यांची मोठी अडचण. गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे देतं, ते थेट बँकेत जातात, आणि दुकानदार म्हणतो, "रोख कुठून देऊ?" काही जण संस्थेच्या खात्यावर मोबाइलने पाठवतात. मग शिस्त मोडते. समोर माणूस उभा असला की शंभर निघतात, नसला की उद्यावर जातं. पिग्मीचं खरं मोल त्या व्याजात नसून त्या उभं राहण्यात आहे, असं माझं मत झालं आहे. अण्णांना पगार नाही, रजा नाही. बँकांसाठी अशा ठेवी गोळा करणारे लोक कायद्याने 'कामगार'च ठरतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला होता. अण्णांच्या हातात मात्र करारपत्र आणि कमिशन, एवढंच आहे.

ठेवीत जे दुकानदाराच्या विरुद्ध गेलं, तेच कर्जात दुप्पट जोराने जातं. एका कापडवाल्याने पिग्मीच्या खात्यातून एका वित्तसंस्थेचं कर्ज फेडायला सुरुवात केली होती: लाख रुपये, एक वर्ष, महिना एक टक्का 'सरळ'. लाखावर वर्षाचे बारा हजार, एकूण १,१२,०००, महिन्याचा हप्ता ९,३३३. दर बारा टक्के, यात खोटं काही नाही. फक्त अकराव्या महिन्यातही तो पूर्ण लाखावर व्याज देत होता, आणि तोवर त्याच्याकडे लाखातले वीस हजारही उरले नव्हते. घटत्या बाकीवर बारा टक्क्यांनीच हप्ता बसवला तर तो ८,८८५ येतो आणि वर्षाचं व्याज साडेसहा हजारांच्या थोडं वर जातं. उलट बाजूने पाहिलं, तर ९,३३३ चा हप्ता घटत्या बाकीच्या भाषेत साडेएकवीस टक्क्यांना जाऊन भिडतो. 'सरळ' या शब्दाइतकं वाकडं काही व्याजाच्या धंद्यात नाही.

मंडईतला प्रकार याहून तिखट. संध्याकाळी एक तरुण मोटारसायकलवरून फिरतो. अण्णा त्याच्याशी बोलत नाहीत. तो भाजीवाल्यांना हातात नऊ हजार देतो आणि शंभर दिवस रोज शंभर नेतो. हजार रुपये 'आधीच कापून'. घेणाऱ्याला वाटतं, दहा हजारांवर हजार, म्हणजे दहा टक्के. पण नऊ हजार त्याच्याकडे पहिल्या दिवशीच होते, दुसऱ्या दिवसापासून ते आटत गेले. वर्षाच्या मापाने हा दर ७७-७८ टक्के बसतो. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकारासाठी शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जावर १८ टक्क्यांची मर्यादा घातली गेली, आणि त्या कायद्यात चक्रवाढ व्याजालाही मनाई आहे. त्याच्याही आधीपासून आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही. हे सगळे नियम मोटारसायकलवाल्यापर्यंत पोहोचत नाहीत, कारण तो कागदावर कुठे नाहीच. मावशीलाही हे ठाऊक आहे. "सकाळी माल उचलायला पैसा कोण देतं रं?" या तिच्या प्रश्नाला माझ्या गुणाकारात उत्तर नव्हतं.

पेठेच्या टोकाला एका औषध दुकानात वेगळाच प्रश्न निघाला. तिथल्या मालकांनी ३० लाखांचं गृहकर्ज घेतलं होतं, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता २६,०३५. पाच वर्षं भरले तरी मुद्दल हललं नाही म्हणून बँक फसवते आहे, अशी त्यांची खात्री. पहिल्या महिन्याचं व्याजच २१,२५०. हप्त्यातले मुद्दलात गेले ४,७८५. साठ हप्त्यांत साडेपंधरा लाखांच्या वर भरून मुद्दल फिटलं साडेतीन लाखांच्या थोडं पुढे. निम्मं मुद्दल फिटायला जवळजवळ चौदा वर्षं लागतात. इथे फसवणूक नाही, दर जितका सांगितला तितकाच आहे. पैसा मोठा आहे आणि तो फार दिवस त्यांच्याकडे आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं, की जादा पैसे भरायचे असतील तर आताच भरा. पंधराव्या वर्षी भरलेल्या लाखाने तेवढं वाचत नाही.

रात्री नऊला अण्णा घरी नोटांच्या गड्ड्या लावतात, यंत्रावरच्या एकूण आकड्याशी ताळा घेतात. सकाळी संस्थेत भरणा. एक नोट कमी आली तर ती त्यांच्या खिशातून.

आता वाचकांना दोन शब्द. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या वित्तसंस्थांना कर्ज देताना एक मुख्य माहितीपत्रक द्यावं लागतं, आणि त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. सही करण्याआधी तो आकडा शोधा, तोंडी सांगितलेला दर सोडून द्या. पतसंस्थांना हा नियम नाही, तिथे 'व्याज कोणत्या बाकीवर?' हे तुम्हालाच विचारावं लागेल. आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, तसं पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. तेव्हा पिग्मी जरूर भरा, चिठ्ठी रोज मागा, पण वर्ष भरलं की रक्कम उचलून बँकेत मुदत ठेवीत टाका.