हॅरोतल्या आठ जागा कुठे गेल्या?

५ मे २०२२ रोजी लंडनच्या बत्तीसही बरोंमध्ये काऊन्सिलच्या निवडणुका झाल्या. वायव्य लंडनमधल्या हॅरो बरोचा निकाल लागला तो असा: कॉन्झर्व्हेटिव्ह ३१, लेबर २४. चार वर्षांपूर्वी तिथे लेबरचे ३५ आणि कॉन्झर्व्हेटिव्हचे २८ नगरसेवक होते. म्हणजे लेबरच्या ११ जागा गेल्या, कॉन्झर्व्हेटिव्हच्या फक्त ३ वाढल्या आणि तिसऱ्या कोणाच्या पदरात एकही पडली नाही. मग उरलेल्या आठ गेल्या कुठे?

त्या कुठेच गेल्या नाहीत, त्या रद्द झाल्या. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात हॅरोची वॉर्डरचना बदलली. आधी २१ वॉर्ड होते आणि प्रत्येकातून तीन, असे ६३ नगरसेवक निवडून येत. नव्या रचनेत वॉर्ड २२ झाले, पण काही तीन जागांचे आणि काही दोन जागांचे, त्यामुळे एकूण संख्या ५५ वर आली. म्हणून इंग्लंडमधल्या कुठल्याही बरोचा निकाल हाती आला की आपण आधी एकूण जागा पाहाव्यात, आत्ताच्या आणि मागच्या वेळच्याही. ‘इतक्या कमावल्या, इतक्या गमावल्या’ हा रकाना त्यानंतरचा.

बरो म्हणजे आपल्या महानगरपालिकेसारखा एक स्थानिक कारभाराचा घटक. कचरा, ग्रंथालयं, घरबांधणीच्या परवानग्या, वृद्धांची देखभाल अशी कामं त्याच्याकडे असतात. लंडनमध्ये सगळ्या जागांची निवडणूक चार वर्षांतून एकदा, एकाच दिवशी होते. लंडनबाहेर मात्र सगळीकडे असं नाही. बोल्टनसारख्या अनेक ठिकाणी दरवर्षी एक तृतीयांश जागांची निवडणूक होते आणि चौथं वर्ष सोडून दिलं जातं. तिथे एखाद्या पक्षाने ‘या वर्षी सर्वाधिक जागा जिंकल्या’ असं वाचलं, तरी काऊन्सिलमधली सत्ता जागच्या जागी असू शकते, कारण उरलेले दोन तृतीयांश सदस्य आधीचेच असतात.

आता मतदार कोण ते पाहू. ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याशिवाय मत देता येत नाही, असा समज आपल्या लोकांत बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. तिथे कायदेशीर वास्तव्य असलेला भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मतदार होऊ शकतो. मात्र नाव नोंदवण्याचा अर्ज मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी पोहोचलेला हवा. २०२३ पासून मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो.

मतदान सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चालतं. यंत्र नसतं. कागदाची मतपत्रिका, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि फुलीची खूण, एवढाच सरंजाम. ‘यांपैकी कोणीही नाही’ असा पर्यायही नसतो.

मतपत्रिकेपाशी महाराष्ट्रातून गेलेला मतदार हमखास अडखळतो. पुण्यासारख्या शहरात एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडायचे असतात, तेव्हा अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात. प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र आणि मतही स्वतंत्र. इंग्लंडमध्ये तसं नाही. तीन जागांच्या वॉर्डात सगळे उमेदवार एकाच यादीत, आडनावाच्या वर्णक्रमाने. मतदाराकडे तीन फुल्या. त्या एकाच पक्षाच्या तिघांना द्या, तीन पक्षांना वाटा किंवा एकच फुली मारून बाहेर पडा. एका उमेदवाराला दोन फुल्या देता येत नाहीत आणि पसंतीक्रम नसतो. सर्वाधिक मतांचे पहिले तीन उमेदवार निवडून येतात, संपला विषय.

टपालाने मत देणाऱ्यांची एक चूक वारंवार होते. मतपत्रिका एका पाकिटात घालायची, आणि सही व जन्मतारखेचा फॉर्म तिच्यासोबत मोठ्या पाकिटात ठेवायचा. ती सही आणि तारीख आधी नोंदवलेल्या माहितीशी ताडून पाहतात. घाईत जन्मतारखेच्या जागी त्या दिवसाची तारीख लिहिली, की ते मत मोजणीच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही.

रात्री दहानंतर पेट्या मोजणीच्या ठिकाणी येतात. हे बहुतेक वेळा एखादं क्रीडासंकुल असतं. काही बरो रात्रभर मोजतात, काही दुसऱ्या दिवशी सुरू करतात. त्यामुळे शेजारच्या बरोचा निकाल आला आणि आपला आला नाही, तर शंका घेण्यासारखं त्यात काही नसतं.

पहिलं काम म्हणजे पडताळणी. प्रत्येक केंद्राध्यक्षाने आपण किती मतपत्रिका दिल्या, किती खराब झाल्या, किती उरल्या याचा हिशेब लिहून दिलेला असतो. पेटीतले कागद मोजून तो हिशेब जुळवतात. या टप्प्यावर कोणाला किती मतं पडली हे मोजायचं नसतं, फक्त कागद किती हे पाहायचं असतं. पण कागद उताणे ठेवलेले असतात, कारण मागच्या बाजूला छापलेला क्रमांक कोणाला दिसू द्यायचा नसतो. मग टेबलापलीकडे उभे राहिलेले पक्षांचे प्रतिनिधी फुल्या टिपून घेतात आणि आपापल्या वहीत रेघा ओढत बसतात. अधिकृत निकालाच्या बराच आधी एखाद्या कार्यकर्त्याचा चेहरा पडलेला दिसतो, तो या रेघांमुळे.

पडताळणी झाली की वेगवेगळ्या पेट्यांतले कागद एकत्र मिसळतात, टपालाचेही त्यातच. आपल्याकडे यंत्रामुळे कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली हे कळतं आणि मग ‘अमुक वस्तीने दगा दिला’ ही चर्चा रंगते. इंग्लंडमधल्या अधिकृत निकालात ती सोय नाही. वॉर्डाचा आकडा एकच असतो. मला ही पद्धत अधिक आवडते.

मग खरी मोजणी सुरू होते. एक जागा असेल तर प्रत्येक उमेदवाराचा गठ्ठा लावला की झालं. एकाच कागदावर तीन फुल्या असतील तर तो कोणाच्या गठ्ठ्यात ठेवणार? म्हणून आधी तिन्ही फुल्या एकाच पक्षाला दिलेले कागद वेगळे काढतात. ते मोजायला सोपे, कारण तिघांनाही तेवढीच मतं. उरतात ते मिश्र कागद. त्यांसाठी एका मोठ्या तावावर मतपत्रिका एकीखाली एक अशा चिकटवतात, की प्रत्येकीचा फक्त फुल्यांचा पट्टा दिसत राहतो. मग एका उमेदवाराची ओळ धरून आडवं मोजत जायचं, बेरीज शेवटी लिहायची आणि पुढची ओळ धरायची. कागदाच्या पट्ट्या लोंबत असल्यामुळे कर्मचारी या तावाला ‘ग्रास स्कर्ट’ म्हणतात. काही ठिकाणी ताव न वापरता एकजण नावं वाचतो आणि दुसरा तक्त्यावर खुणा करतो. निकालाला उशीर होतो तो बहुतेक वेळा इथेच.

शंकास्पद मतपत्रिका निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे जातात आणि सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींदेखत त्यांचा फैसला होतो. फुलीऐवजी बरोबरची खूण केली आणि हेतू स्पष्ट असला तर मत धरतात. तीन जागा असताना चार फुल्या मारल्या तर सगळा कागद बाद. सही केली किंवा मतदार ओळखू येईल असं काही लिहिलं, तरी बाद. मात्र एक फुली संदिग्ध आणि बाकीच्या दोन स्पष्ट असतील, तर त्या दोन मोजल्या जातात.

जाहीर करण्यापूर्वी तात्पुरते आकडे उमेदवारांना दाखवतात. फेरमोजणी मागायची ती याच वेळी. एकदा निकाल जाहीर झाला की अधिकाऱ्यालाही तो बदलता येत नाही. मग २१ दिवसांच्या आत निवडणूक याचिका हा एकच रस्ता उरतो. तो अगदीच नावापुरता नाही: टॉवर हॅम्लेट्सच्या थेट निवडून आलेल्या महापौराची २०१४ ची निवडणूक अशाच याचिकेवरून २०१५ मध्ये रद्द झाली होती.

आणि मतं समसमान झाली तर? तर चिठ्ठी. २०१७ मध्ये नॉर्थम्बरलँडमधल्या साऊथ ब्लाइथ वॉर्डात लिबरल डेमोक्रॅट आणि कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवारांना प्रत्येकी ३५६ मतं पडली. नॉर्थम्बरलँड बरो नाही, पण नियम तोच. दोघांनी काड्या ओढल्या आणि लांब काडी लिबरल डेमोक्रॅटच्या हाती आली. त्यामुळे काऊन्सिलमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह ६७ पैकी ३३ वर अडकले. बहुमत एका काडीने हुकलं.

आता वॉर्डाचा तक्ता वाचू. समजा, तीन जागांच्या एका काल्पनिक वॉर्डात १०,००० मतदार आहेत आणि ४,००० वैध मतपत्रिका निघाल्या. पहिल्या पक्षाच्या तिघांना १,९००, १,८५० आणि १,८०० मतं. दुसऱ्याच्या तिघांना १,७००, १,६५० आणि १,६००. तिसऱ्या पक्षाचा एकच उमेदवार, त्याला ७००. सगळ्यांची बेरीज केली तर ११,२०० भरते. मतदार दहा हजार आणि मतं अकरा हजार, हा घोटाळाच असं म्हणत अशी बेरीज पुढे पाठवणारे लोक असतात. मतदानाची टक्केवारी मतांवरून नाही, मतपत्रिकांवरून काढायची असते. ती इथे ४० टक्के आहे. शक्य होती १२,००० मतं. ८०० फुल्या मारल्याच गेल्या नाहीत.

पक्षनिहाय टक्केवारी आणखी फसवी. सगळी मतं धरली तर तिसऱ्या पक्षाला ६ टक्के पडतात. प्रत्येक पक्षाचा फक्त आघाडीचा उमेदवार धरला तर त्याच पक्षाला १६ टक्के. दोन्ही पद्धती वापरात आहेत. म्हणून दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर आपण आधी मोजण्याची रीत पाहावी. आणि पहिला पक्ष कोणत्याही रीतीने निम्म्यावर पोचत नाही, तरी तिन्ही जागा त्याच्याच. हेच सगळ्या वॉर्डांत घडलं की विरोधकच उरत नाहीत. लुइशमने २०१८ आणि २०२२ मध्ये सगळ्या ५४ जागा लेबरला दिल्या.

बरोच्या तक्त्यात आणखी दोन खड्डे आहेत. उमेदवाराचा मृत्यू झाला तर त्या वॉर्डाचं मतदान पुढे ढकललं जातं आणि जागांची बेरीज तेवढ्याने कमी भरते. दुसरा खड्डा पक्षांतराचा. इंग्लंडमध्ये नगरसेवकांना पक्षांतरबंदीचा कायदा नाही, पक्ष सोडला तरी खुर्ची राहते. तेव्हा ‘चार जागा वाढल्या’ हे मागच्या निवडणुकीच्या तुलनेत आहे की या निवडणुकीच्या आदल्या दिवसाच्या, हे विचारावंच लागतं.

शेवटी सत्ता. ५५ जागांत बहुमताला २८ लागतात. हॅरोत ३१ असल्याने प्रश्न नव्हता. त्याच दिवशी हॅव्हरिंगमध्येही ५५ जागा होत्या. तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह २३, रहिवासी संघ २०, लेबर ९ आणि इतर ३. अशा त्रिशंकू निकालाला तिथे ‘नो ओव्हरऑल कंट्रोल’ असा शेरा मिळतो. सर्वात मोठा पक्ष कॉन्झर्व्हेटिव्ह होता, पण रहिवासी संघ आणि लेबर एकत्र आले, २९ झाले आणि कारभार त्यांच्याकडे गेला. हे निकालाच्या रात्री कोणत्याही तक्त्यात दिसलं नसतं. नवे नगरसेवक मतदानानंतर चौथ्या दिवशी पदावर येतात. त्यानंतर काही दिवसांनी वार्षिक सभा भरते, आणि थेट महापौर नसलेल्या बरोत नेता निवडण्याचं मतदान सहसा तिथेच होतं. बहुमत कोणालाच नसेल, तर आपल्या बरोचा निकाल त्या सभेत लागतो.